दुसरे काय असू शकेल?

पृथ्वीवर जीवसृष्टी आहे का, याचा शास्त्रशुद्ध तपास एकदा झालेला आहे. गुरूकडे निघालेले गॅलिलिओ यान ८ डिसेंबर १९९० रोजी पृथ्वीपासून अवघ्या ९६० किलोमीटर अंतरावरून गेले. खरे तर त्याला इकडे फिरकण्याचे कारण नव्हते. पण चॅलेंजर यानाच्या अपघातानंतर स्पेस शटलमधून जोरकस रॉकेट नेण्याचा बेत सुरक्षेपायी रद्द झाला आणि गुरूपर्यंत पोचायला लागणारा वेग उसना घेण्यासाठी यानाला आधी शुक्राला एक आणि मग पृथ्वीला दोन वळसे घालावे लागले. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी या नाइलाजातून एक प्रयोग काढला. गुरू आणि त्याचे चंद्र पाहण्यासाठी घडवलेली उपकरणे पृथ्वीकडे वळवायची, या ग्रहाबद्दल आपल्याला काडीची माहिती नाही असे धरायचे, आणि विचारायचे: इथे कोणी राहते का?

नवा काटा आला की वाणी आधी माहितीतले वजन टाकून पाहतो, त्यातलाच हा प्रकार. उत्तर ठाऊक असलेल्या ठिकाणीच पद्धत फसली, तर परक्या ठिकाणी तिच्यावर भिस्त कशी ठेवायची?

निकाल १९९३च्या ऑक्टोबरात ‘नेचर’मध्ये छापून आला. छायाचित्रांत ऑस्ट्रेलिया होता, अंटार्क्टिका होते, ढग आणि समुद्र होते. शहरे, रस्ते, शेते यांचा पत्ता नव्हता. हवेच्या वर्णपटाने मात्र बोलायला सुरुवात केली. तिथे ऑक्सिजन होता, भरपूर होता, आणि त्याच हवेत मिथेनही होता. ही जोडी एकत्र नांदणारी नव्हे. हवेत सुटलेला मिथेन ऑक्सिजनच्या राज्यात दहा-बारा वर्षांत संपतो, त्याचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन जाते. निव्वळ रसायनशास्त्राच्या हिशेबाने पृथ्वीच्या सबंध वातावरणात मिथेनचा एक रेणूही शिल्लक राहायला नको. तरीही तो दर दहा लाख रेणूंत जवळपास दोन इतका सापडतो, म्हणजे कोणीतरी तो एकसारखा ओतते आहे. दलदली, भातखाचरे, गुरांची पोटे आणि वाळवीची वारुळे हे आपल्याला माहीत. यानाला फक्त बेहिशेबी मिथेन दिसला. जमिनीच्या काही भागांवरून परतणाऱ्या प्रकाशात तांबडा रंग गायब होता आणि त्याला लागून असलेला अवरक्त मात्र एकदम उजळ होता. कोणताही ओळखीचा खडक प्रकाश असा परत पाठवत नाही. ती करामत हरितद्रव्याची. शेवटी रेडिओलहरी: अरुंद पट्ट्यातल्या, ठरावीक रीतीने चढउतार होणाऱ्या. विजा किंवा ध्रुवीय प्रकाश असे नेटके प्रसारण करत नाहीत.

एवढे हाती आल्यावरही सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःला एक अट घालून घेतली. जीवसृष्टी हे स्पष्टीकरण सगळ्यात शेवटी. आधी सूर्याचा अतिनील प्रकाश, ज्वालामुखी, खडक, विजा, उपकरणातला दोष अशा साऱ्यांची उलटतपासणी घ्यायची आणि कोणाच्याच अंगाला काही चिकटत नसेल तरच जीवाचे नाव काढायचे. पृथ्वी त्या परीक्षेत उत्तीर्ण झाली, हे आपले नशीब! या प्रकरणात पुढे जे येणार आहे, ते सगळे याच अटीभोवती फिरते. परग्रहावरची जीवसृष्टी शोधणाऱ्यांचा निम्म्याहून जास्त वेळ जीव शोधण्यात जात नाही. ‘दुसरे काय असू शकेल?’ या प्रश्नाची यादी लांबवण्यात जातो. मला विचाराल तर या शास्त्राची खरी प्रगती तीच आहे.

हवा पाहून जीव ओळखण्याची कल्पना सेगन यांच्याही आधीची. १९६५च्या सुमारास जेम्स लव्हलॉक हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत सल्लागार होते. मंगळावर उतरून माती तपासणारी यंत्रे कशी बनवायची याच्या चर्चा तिथे रंगत. मंगळावरचे जीव कॅलिफोर्नियातल्या जंतूंसारखेच खातील-पितील हे गृहीत कशावरून, असा लव्हलॉक यांचा सवाल होता. त्यांचे म्हणणे असे की जीव कसाही असो, तो हवेतून काहीतरी घेणार आणि हवेत काहीतरी सोडणार; म्हणजे जिवंत ग्रहाची हवा रासायनिकदृष्ट्या विस्कटलेली असणार. त्याच वर्षी फ्रान्समधल्या पिक द्यू मिदी वेधशाळेच्या अवरक्त निरीक्षणांतून मंगळाची हवा जवळपास सगळी कार्बन डायऑक्साइडची असल्याचे दिसले. सगळे शांत, सगळे स्थिरावलेले. लव्हलॉक यांनी मंगळ निर्जीव ठरवून टाकला. मंगळावर याने पाठवण्याच्या तयारीत असलेल्या संस्थेला हा निष्कर्ष कितपत गोड लागला असेल, याची कल्पना करता येते.

आता सूर्यमालेबाहेर जाऊ. दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याच्या सुरुवातीच्या दाव्यांपैकी एक भारतातून झाला होता आणि तो चुकीचा होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले अभियंते कॅप्टन विल्यम जेकब यांना जोडताऱ्यांचा नाद. १८४०च्या दशकात त्यांनी पुण्यात स्वतःच्या दुर्बिणीतून त्यांची निरीक्षणे केली, पुढे ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले. भुजंगधारी तारकासमूहातला ‘७० ऑफियुकी’ हा जोडतारा आपल्या गणिती मार्गावरून किंचित ढळतो असे त्यांना आढळले आणि १८५५ साली त्यांनी लिहिले की यामागे एखादा ग्रह असण्याची दाट शक्यता आहे. चाळीस-एक वर्षांनी अमेरिकेत हाच दावा पुन्हा डोके वर काढून आला. तेव्हा फॉरेस्ट मोल्टन यांनी गणिताने दाखवून दिले की अशा कक्षेतला ग्रह तिथे टिकूच शकणार नाही. जेकब तोवर हयात नव्हते. पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा उभारायचा बेत घेऊन ते १८६२च्या ऑगस्टात मुंबईला उतरले आणि आठ-दहा दिवसांत पुण्यातच वारले. त्यांची मोजमापे प्रामाणिक होती. ढळण्याचे दुसरे काय कारण असू शकेल, ही यादी तेवढी अपुरी होती.

खरे ग्रह सापडायला १९९२ उजाडले. त्या वर्षी एका मृत ताऱ्याभोवती, म्हणजे पल्सारभोवती ते सापडले आणि १९९५ साली मिशेल मायर व दिदिए केलो यांना महाश्व तारकासमूहातल्या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती गुरूएवढा ग्रह मिळाला. त्याचे वर्ष सव्वाचार दिवसांचे. पुढे केप्लर दुर्बिणीने एकटीने अडीच हजारांवर ग्रहांची भर घातली आणि २०२५च्या सप्टेंबरात खात्रीशीर परग्रहांची नोंद सहा हजारांवर गेली. यातले बहुतेक ग्रह कोणी ‘पाहिलेले’ नाहीत. ताऱ्याचा प्रकाश किंचित मंदावला किंवा तारा किंचित डुलला, एवढ्यावरून ते आहेत असे आपण म्हणतो.

मंदावण्याची रीत नीट समजून घेण्याजोगी आहे, कारण हवेचा शोधही तिच्याच आधाराने लागतो. ८ जून २००४ रोजी शुक्राचे अधिक्रमण झाले. त्या दिवशी ज्यांच्या डोक्यावर पावसाळी ढग नव्हते, त्यांनी सूर्यबिंबावरून सरकणारा काळा ठिपका पाहिला असेल. दूरच्या ग्रहाचे अधिक्रमण असेच, फक्त तिथे तारा स्वतःच एक बिंदू असतो. ठिपका दिसत नाही, प्रकाशात तेवढी घट मोजता येते. परक्या खगोलशास्त्रज्ञाने आपल्या सूर्यासमोरून पृथ्वी जाताना पाहिली तर त्याला दर दहा लाख भागांत ८४ भागांची घट दिसेल. अधिक्रमण चालू असताना ताऱ्याचा थोडासा प्रकाश ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून येतो. मिथेन असेल तर मिथेनचे ठरावीक रंग त्यातून वजा होतात, पाण्याची वाफ असेल तर वाफेचे. म्हणजे त्या रंगांत ग्रह जरासा मोठा भासतो. सूर्यासमोरच्या पृथ्वीच्या बाबतीत हा ‘जरासा’ दहा लाखांत एका भागाहूनही कमी भरतो. तो मोजणारी दुर्बीण आज कोणाकडेही नाही.

म्हणून खगोलशास्त्रज्ञांनी लहान तारे निवडले. आकाशगंगेतले सुमारे तीन-चतुर्थांश तारे लाल बटू आहेत: लहान, मंद, थंडगार. तारा लहान असला की त्यासमोरचा ग्रह त्या मानाने मोठा दिसतो. कुंभ राशीत चाळीस प्रकाशवर्षांवरचा ट्रॅपिस्ट-१ हा असाच तारा, आकाराने गुरूहून थोडाच मोठा. बेल्जियमच्या मिशेल गियों यांच्या चमूने चिलीतल्या अवघ्या ६० सेंटिमीटरच्या दुर्बिणीने त्याचा पाठपुरावा सुरू केला आणि २०१७च्या फेब्रुवारीत तिथे पृथ्वीच्या जवळपासच्या आकाराचे सात ग्रह असल्याचे जाहीर झाले. सातही ग्रह बुधाच्या कक्षेच्या आत सहज मावतात. यातला ‘ई’ नावाचा ग्रह ताऱ्याचा अर्धा टक्का प्रकाश अडवतो, म्हणजे सूर्यासमोरच्या पृथ्वीच्या साठपट. त्याचे वर्ष सहा दिवसांचे असल्याने अधिक्रमण पुन्हा पाहायला वर्षभर थांबावे लागत नाही. शिवाय पाणी द्रवरूपात राहू शकेल अशा अंतरावर तो आहे.

या अंतराच्या पट्ट्याला ‘वास्तव्ययोग्य पट्टा’ म्हणतात. वर्तमानपत्रांचा हा फार लाडका शब्द. दर दोन-तीन महिन्यांनी त्यात एखादी ‘दुसरी पृथ्वी’ सापडते. पण आपला चंद्रही या पट्ट्यातच आहे आणि तिथे कोणी वस्ती केलेली नाही. पट्टा ऊन किती पडते तेवढेच सांगतो. हवा आहे का, हे सांगत नाही.

आता एका ग्रहाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण या शास्त्राचे सगळे गुण आणि सगळे धोके तिच्यात एकवटले आहेत. सिंह राशीत १२४ प्रकाशवर्षांवर के२-१८ नावाचा लाल बटू आहे. २०१५ साली त्याच्याभोवती के२-१८बी हा ग्रह सापडला. वस्तुमान पृथ्वीच्या साडेआठपट, व्यास अडीचपटीहून थोडा जास्त, वर्ष ३३ दिवसांचे, आणि ऊन जवळपास पृथ्वीइतकेच. आपल्या सूर्यमालेत या मापाचा ग्रहच नाही. तो थोराड पृथ्वी आहे की धाकटा नेपच्यून, हे मापावरून ठरत नाही.

२०१९ साली हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून तिथल्या हवेत पाण्याची वाफ असल्याचे जाहीर झाले. जगभर मथळे झळकले. २०२३ साली जेम्स वेब दुर्बिणीने तोच वर्णपट कितीतरी अधिक रुंद पट्ट्यात, कितीतरी बारकाईने घेतला, तेव्हा तिथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड मिळाले. वाफेचा ठसा मात्र उमटला नाही. हबलच्या अरुंद पट्ट्यात मिथेन आणि वाफ यांचे ठसे इतके एकमेकांत मिसळतात की एकाच्या नावावर दुसरा खपून गेला होता.

हे काम केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या चमूचे. मधुसूदन बनारस हिंदू विद्यापीठात अभियांत्रिकी शिकले, एमआयटीत परग्रहांकडे वळले आणि परग्रहांच्या वर्णपटावरून हवेचे घटक काढण्याच्या गणितात त्यांचे नाव मोठे आहे. वर हायड्रोजनची हवा आणि खाली ग्रहभर महासागर, अशा ग्रहांची कल्पना त्यांच्याच चमूने २०२१ साली मांडली होती. के२-१८बी त्या साच्यात बसतो असे त्यांना वाटते. २०२३च्याच निरीक्षणांत त्यांना आणखी एका वायूची पुसट खूण दिसली: डायमिथिल सल्फाइड. कोकणच्या किनाऱ्यावर उतरल्या-उतरल्या समुद्राचा जो वास नाकात शिरतो, त्यात या वायूचा वाटा असतो. आपल्याकडे तो मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे तयार होतो आणि हवेत त्याचे प्रमाण अब्जात एका रेणूपेक्षाही कमी राहते.

एप्रिल २०२५मध्ये याच चमूने वेबच्या वेगळ्या उपकरणाने, मध्यम अवरक्तात घेतलेली निरीक्षणे प्रसिद्ध केली. डायमिथिल सल्फाइड किंवा त्याचे भावंड डायमिथिल डायसल्फाइड किंवा दोन्ही तिथे आहेत, प्रमाण पृथ्वीच्या हजारो पट, आणि खात्री ‘तीन सिग्मा’ची. तीन सिग्मा म्हणजे निव्वळ योगायोगाने असा आकडा येण्याची शक्यता हजारात तीन. ऐकायला भक्कम वाटते. पण भौतिकशास्त्रात शोध जाहीर करायला पाच सिग्मा मागतात, म्हणजे दहा लाखांत एकाहूनही कमी. आणि याहून मोठी मेख वेगळीच आहे. हजारात तीन हा आकडा ‘तिथे हा वायू नाही’ याची शक्यता सांगत नाही. आपण ज्या मोजक्या रेणूंची यादी गणिताला दिली, त्या यादीपुरता तो खरा. यादीत नसलेला रेणू गणिताला सुचत नाही.

नेमके इथेच इतरांनी बोट ठेवले. ऑक्सफर्डच्या जेक टेलर यांनी तोच विदा घेऊन साधा प्रश्न विचारला: या बिंदूंतून एक सरळ आडवी रेघ काढली तर काय बिघडते? फारसे काही बिघडत नव्हते. म्हणजे त्या वर्णपटात कोणत्याही वायूचा ठसा आहे असे म्हणायलाच भक्कम आधार नव्हता. शिकागोतल्या एका गटाने वेबच्या सगळ्या उपकरणांची निरीक्षणे एकत्र बसवून पाहिली, तर खूण आणखी फिकी पडली. आणखी एका गटाने यादीत बरेच नवे रेणू घातले, तेव्हा डायमिथिल सल्फाइडइतकेच चपखल बसणारे बरेच उमेदवार निघाले, आणि त्यांचा जीवसृष्टीशी काडीचा संबंध नव्हता.

दुसरी फळी रसायनशास्त्रज्ञांची. डायमिथिल सल्फाइड फक्त जीवच बनवतात, हे तरी खरे का? २०२४ साली रोझेटा यानाच्या जुन्या मोजमापांत ६७पी या धूमकेतूवर हा वायू आढळला. धूमकेतूवर प्लवक नसतात. त्याच वर्षी कोलोरॅडोतल्या प्रयोगशाळेत साध्या वायूंच्या मिश्रणावर अतिनील प्रकाश पाडला, तर त्यातूनही तो तयार झाला. पृथ्वीवर ज्याच्यामागे हमखास जीव असतो, तो वायू हायड्रोजनने भरलेल्या परक्या हवेत बिनजिवाचाही जन्मू शकतो. आणि तिथे महासागर आहे हे तरी कोणी सिद्ध केले? हायड्रोजनच्या जाड दुलईखाली वितळलेल्या खडकाचा समुद्र असेल तरीही वर दिसणारा मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड समजावता येतो, असे दुसऱ्या एका गटाचे गणित सांगते.

मधुसूदन यांनी दावा सोडलेला नाही. आणखी निरीक्षणे हवीत असे त्यांनी पहिल्यापासून सांगितले आहे. त्यांच्यावर जी टीका झाली तिचा सूर कधीकधी गरजेपेक्षा कडवट होता असे मला वाटते. पण टीका दमदार होती, आणि ती काही आठवड्यांत, सगळ्यांना खुल्या असलेल्या त्याच मोजमापांवर उभी राहिली. जेकब यांचा ग्रह खोडायला चार दशकांहून जास्त काळ लागला होता.

आतापर्यंत आपण ग्रहाच्या हवेबद्दल बोललो. पण अधिक्रमणात हाती येतो तो प्रकाश ताऱ्याचा असतो, आणि लाल बटू हे फार खोडकर तारे आहेत. त्यांच्या अंगावर डाग असतात. हे डाग आजूबाजूच्या पृष्ठापेक्षा थंड, इतके थंड की त्यांच्यात पाण्याची वाफसुद्धा टिकते. हो, ताऱ्यावर वाफ! ग्रह डाग नसलेल्या भागावरून सरकला तर उरलेल्या प्रकाशात डागांचा वाटा वाढतो आणि वर्णपटात वाफ उमटते. ती ग्रहाची की ताऱ्याची? २०२३ साली जीजे ४८६बी या ग्रहाच्या बाबतीत वेबने वाफेची खूण टिपली आणि संशोधकांनी सरळ लिहिले की दोन्ही शक्यता खुल्या आहेत.

ट्रॅपिस्ट-१च्या ‘ई’ ग्रहापाशी आज गाडी याच वळणावर अडकली आहे. २०२३ साली वेबने त्याची चार अधिक्रमणे पाहिली. चारही वेळा वर्णपट वेगळा आला, कारण दर वेळी ताऱ्याचे डाग वेगळे होते. २०२५च्या सप्टेंबरात निकाल छापून आला, त्यातून एवढे नक्की झाले की ग्रहाभोवती हायड्रोजनची मूळची जाड हवा उरलेली नाही. नायट्रोजनची हवा असू शकते, आणि उघडाबोडका खडकही असू शकतो.

यावर निघालेली तोड मात्र मोठी सुंदर आहे. ट्रॅपिस्टचा सगळ्यात आतला ग्रह ‘बी’ बहुधा हवेविनाच आहे. तो ताऱ्याला सदैव एकच बाजू दाखवतो. हवा असती तर तिने उजेडाकडची उष्णता अंधाराकडे वाहून नेली असती आणि दिवसाची बाजू थोडी निवली असती. वेबने २०२३ साली तिचे तापमान मोजले ते सुमारे २३० अंश सेल्सियस, अगदी कोरड्या खडकाकडून अपेक्षित तेवढे. मग कल्पना अशी: ‘बी’ आणि ‘ई’ ताऱ्यासमोरून लागोपाठ, काही तासांच्या अंतराने जातील अशा वेळा गाठायच्या. ‘बी’ला हवा नाही म्हणजे त्याच्या वर्णपटात जे काही दिसेल ते ताऱ्याचे. ते ‘ई’च्या वर्णपटातून वजा करायचे, उरेल ते ग्रहाचे. सेगन यांनी पृथ्वी वापरली तसा इथे एक मेलेला ग्रह वापरला जातो. ही निरीक्षणे सुरू आहेत.

लाल बटूंचा आणखी एक दोष असा की तरुणपणी ते फार भडक असतात. कोट्यवधी वर्षे त्यांचा प्रकाश आणि अतिनील मारा इतका जोरदार असतो की जवळच्या ग्रहावरचे समुद्र उकळून जाऊ शकतात. मग पाण्याचे रेणू तुटतात, हलका हायड्रोजन अवकाशात निसटतो, ऑक्सिजन मागे राहतो. ग्रह ठार मेलेला आणि हवेत ऑक्सिजनच ऑक्सिजन! लहानपणापासून आपण ऑक्सिजनला प्राणवायू म्हणत आलो, त्या वायूची साक्ष इथे कुचकामी ठरते. उलट बाजूही तितकीच अडचणीची. पृथ्वीवर जीव निदान साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीपासून आहेत, पण हवेत ऑक्सिजन साचू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. मधल्या शंभर कोटींहून अधिक वर्षांत कोणी दुरून आपला ऑक्सिजन मोजला असता, तर जीवांनी गजबजलेली पृथ्वी त्याने निर्जीव ठरवली असती.

हवा टिकण्यासाठी ग्रहाला चुंबकीय कवच लागते का, यावर मतभेद आहेत. पण ते कवच शोधायचे तर रेडिओलहरींतून. इथे पुणे पुन्हा एकदा येते. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने, म्हणजे आपल्या जीएमआरटीने, २००९ साली हॅट-पी-११बी या ग्रहाच्या दिशेने १५० मेगाहर्ट्झवर एक क्षीण संकेत टिपला. ग्रह ताऱ्याआड गेला तेव्हा तोही थांबला, म्हणजे तो ग्रहाचाच असावा. २०१० साली तीच निरीक्षणे पुन्हा केली, तेव्हा काहीच मिळाले नाही. संशोधकांनी शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्याला केवळ ‘चाहूल’ म्हटले.

सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीची पृथ्वी तपासायची तर अधिक्रमणाचा मार्ग सोडून ग्रहाचा स्वतःचा परावर्तित प्रकाश पकडावा लागेल. पृथ्वी असा प्रकाश कसा देते, हे तुम्ही घरच्या अंगणातून पाहिलेले आहे. द्वितीया-तृतीयेच्या चंद्रकोरीत चंद्राचा उरलेला भाग राखाडी उजळलेला दिसतो, तो पृथ्वीवरून चंद्रावर पडून परत आलेल्या प्रकाशाने. २००२च्या सुमारास दोन गटांनी या राखाडी उजेडाचा वर्णपट घेतला. त्यात ऑक्सिजन होता, पाण्याची वाफ होती, आणि झाडापानांमुळे येणारी ती तांबड्यापलीकडची उसळीही पुसटशी होती. सगळे खंड, सगळे ढग एकाच उजेडात कालवले गेले तरी खुणा पुसल्या जात नाहीत, हे त्यावरून कळले.

अडचण एवढीच की दुरून पाहिले तर पृथ्वी सूर्याहून सुमारे हजार कोटी पटीने मंद आहे आणि त्याला अगदी खेटून आहे. ताऱ्याचा झगझगाट दुर्बिणीच्या आतच झाकायचा आणि आरशाचा आकार अणूच्या मापाच्या बारकाव्याने स्थिर ठेवायचा, हे ज्या दुर्बिणीला जमेल तिची आखणी नासाने सुरू केली आहे. ‘हॅबिटेबल वर्ल्ड्स ऑब्झर्व्हेटरी’ असे तिचे नाव आहे आणि सगळे सुरळीत झाले तर ती २०४०च्या दशकात उडेल. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांनी २०२१ साली तिची शिफारस केली तेव्हा एक आकडा ठरवून दिला: वास्तव्ययोग्य वाटणारे निदान २५ ग्रह तपासता आले पाहिजेत.

हा आकडा हवेतून काढलेला नाही. समजा पंचविसांतल्या एकावरही काही सापडले नाही. अशा ग्रहांपैकी दर दहांत एकावर ओळखू येण्याजोगी जीवसृष्टी असती, तर पंचवीसच्या पंचवीस ग्रह कोरे निघण्याची शक्यता जेमतेम सात टक्के आहे. म्हणजे रिकाम्या हाती परतलेली दुर्बीणसुद्धा एक मोजता येणारे उत्तर घेऊन येईल. पाच-सहा ग्रह पाहून परतली, तर तेही म्हणता येणार नाही. आणि दुर्बिणीचा आरसा किती मोठा हवा, पैसा किती लागेल, याचे वाद सध्या या एका आकड्यावरून चालले आहेत.